काठ

नार्वा नदी फार रुंद नाही.
पलीकडच्या किल्ल्याखाली गळ टाकून बसलेला कुणी शिंकला
तर इथे ऐकू येतं.
शिंक त्यांची, मासा आमचा,
असं आमच्याकडचे म्हातारे म्हणतात.
मासा काही म्हणत नाही.

कपितोलिना फ्योदोरोव्ना, पाचवा मजला, लिफ्ट नाही.
पासपोर्ट राखाडी.
नागरिकत्वाच्या रकान्यात छापलंय: अनिश्चित.
मी तिचे अर्ज भरून देते, कारण एस्टोनियन तिला
दुकानापुरतीच येते: दूध, बटाटे, पिशवी नको, धन्यवाद.
'जन्मदेश?' मी पेन उचलून विचारते.
'तो गेला,' ती म्हणते,
वारलेल्या नवऱ्याबद्दल बोलावं तशी,
'प्यायचा खूप. पण पगार वेळेवर आणायचा.'
हे कुठल्या रकान्यात लिहू?

एकतीस वर्षं ती बेटावरच्या गिरणीत होती.
भांडवल कुणा जर्मनाचं, जुनी यंत्रं इंग्लंडची,
कापूस ताश्कंदहून, वाघिणी भरभरून.
इथलं म्हणावं असं फक्त धबधब्याचं पाणी,
आणि तेही वाहतंच.
आता छपरांतून बर्चची झाडं डोकावतात.
माग कुठे गेले ते कुणालाच नीट सांगता येत नाही.
भंगारात, म्हणतो एक. कुठल्याशा गरम देशात, म्हणतो दुसरा.
तिच्या कानांत मात्र ते अजून चालू आहेत,
म्हणून ती मोठ्यानं बोलते.

'ताणा घट्ट हवा,' ती मला सांगते, 'बाणा जरा सैल.
उलट केलं की कापड फाटतं.
आणि काठावर कापड संपतं असं वाटतं ना तुला?
संपत नाही. धागा तिथून मागे फिरतो फक्त.'

नोव्हेंबरात आम्ही सुपरमार्केटात टॉवेल बघत होतो.
म्हणजे ती बघत होती, मी घड्याळ.
लेबलवर फैसलाबाद.
तिनं चष्मा लावला, टॉवेल उलटा केला,
काठावरून नख फिरवत नेलं आणि थांबली.
'हे बघ. धागा तुटलाय. मग घाईघाईनं सांधलाय.
पहाटेचे चार. झोप अनावर झाली होती हिला.'
बाई कशावरून, म्हटलं, बुवा नसेल कशावरून?
'ते नाही माहीत. पण गाठ डावऱ्या हाताची आहे.
मीही अशीच मारायचे.
मुकादम ओरडायचा.'
कपाटात तिचे अकरा टॉवेल आहेत, घडीही न मोडलेले.
तरी तिनं तो घेतला, सुटी नाणी मोजून,
आणि पिशवी नको म्हणाली.
काखेत धरून आणला घरी, लेबलासकट.

एकतीस डिसेंबर. तिचं स्वयंपाकघर.
हिवाळ्यात पलीकडचं घड्याळ एक तास पुढे असतं,
म्हणून अकराला तिकडचे फटाके, बाराला इकडचे.
मधला तास कुणाच्याच कॅलेंडरात नाही.
तिनं हेरिंगची बशी पुढे सरकवली: 'खा.
आता साठ मिनिटं मी कुठलीच नाही. म्हणजे घरचीच.'
पुलाचं फाटक बंद झालेलं.
नदीवर धुराचा वास, दोन्हीकडचा मिसळलेला.

'तिकडे किती वाजले असतील?'
मी खिडकीबाहेर बोट दाखवलं: बारा वाजून गेले, आत्ताच तर झालं.
'तिकडे नाही गं. तिच्याकडे.'
टॉवेल खुर्चीच्या पाठीवर होता, गाठ वर.

मी फोनवर बघितलं. दोन, म्हटलं. रात्रीचे.
'दोन,' ती म्हणाली. 'दोनला काही वाटत नाही.
चारला जड जातं.'
आणि डाव्या हातानं
तिसऱ्या पेल्यात थोडा चहा ओतला.